वरचा कागद

आबांचे डोळे जात होते, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे प्रत्येकाला थोडं थोडं माहीत होतं. सगळं मात्र कोणालाच नाही. ही व्यवस्था खुद्द आबांनीच केलेली होती आणि तिचा मला अजून राग येतो. वाईट वाटतं ते वाटतंच, पण आधी राग येतो.

आबा म्हणजे माझे कोणी नातेवाईक नव्हेत. जळगावच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवणारी आमची कंपनी, आणि आबा तिथले सगळ्यात जुने इंजिनियर. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. घरी काकूही त्यांना आबाच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. पारोळ्याजवळच्या एका खेड्यातला जन्म, घर धुळ्याला देवपुरात, नोकरी जळगावात. आठवडाभर इथे एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळची बस धरून धुळ्याला जायचे. उंच, काटक माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. इंजिनियरच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. बोलता बोलता दोन बोटांनी एक दाणा काढायचे, सालपट फुंकून उडवायचे, आणि ते उडालेलं सालपट हमखास माझ्या टेबलावर येऊन पडायचं.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर आबा कळायचे नाहीत. शेताच्या बांधावर खांबाला एक डबा लावलेला असतो. त्यातला छोटा संगणक वेळ झाली की पाण्याचे व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो, खत किती सोडायचं ते बघतो. पण संगणकाला व्हॉल्व्हची भाषा येत नाही आणि व्हॉल्व्हला संगणकाची. मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाषी प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. बाजारात एखादी चिप मिळेनाशी झाली आणि दुसरी घ्यावी लागली, की ड्रायव्हर बदलायचा. हा बदल थेट डब्यात जात नाही. आधी दुसऱ्या कोणीतरी तो ओळ न् ओळ वाचून 'ठीक' म्हणायचं असतं. आमच्याकडे ते दुसरं कोणीतरी म्हणजे आबा. त्यांच्या 'ठीक'शिवाय कितीतरी वर्षं आमच्याकडून एक ओळही शेतात गेली नव्हती.

आणि आबांना मोठी गोष्ट चालत नसे. कुठलीच.

डबा उघडला की कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी ते आधी पूर्ण मोडून घेत. ताटलीच्या कडेनं तुकडे ओळीनं मांडत, मधोमध ठेचा, आणि मग जेवायला सुरुवात. जळगावात राहून केळी डझनानं घ्यावीत की नाही? आबा गाडीवाल्यापाशी उभे राहून एक केळं घेणार. ते खाणार. मग म्हणणार, "बरं शे. आते दुसरं दे." गाडीवाला कपाळाला हात लावायचा. त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचा किस्सा तर आमच्या अकाउंट्सच्या बाई अजून सांगतात. माणसानं आठवड्याची रजा टाकून मोकळं व्हावं. आबांनी दर दिवसाचा वेगळा अर्ज दिला. आज हळद आहे म्हणून एक दिवस. आज लग्न आहे म्हणून एक दिवस. आज पाहुणे पोचवायचे आहेत म्हणून एक दिवस. बाई चिडल्या तर म्हणाले, "हळदीला पाऊस आला असता तर बाकीचे अर्ज फाडता आले असते की नाही? एकच अर्ज असता तर काय फाडलं असतं?"

हे ऐकून हसू येतं. पण त्यांचं डोकं खरंच तसं चालायचं, आणि कामात ते डोकं सोन्याचं होतं.

मी कंपनीत लागले तेव्हा नवीन व्हॉल्व्ह बोर्डचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. पाचोऱ्याहून रोज रेल्वेनं ये-जा करायचे, गाडीतही लॅपटॉप मांडीवर. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एक दिवस सगळं काम पूर्ण करून मी तो बदल एकगठ्ठा आबांकडे पाठवला. पाठवला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. कौतुक ऐकायला, दुसरं काय.

आबांनी माउसचं चाक फिरवायला सुरुवात केली. फिरवतायत, फिरवतायत. ओळी संपेनात. शेवटी हात थांबवला.

"हाई काय शे?"

"नवीन बोर्डचा ड्रायव्हर, आबा."

"बठ्ठा?" आबांच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा.

"हो. पूर्ण झालाय."

"एक घासमा बठ्ठी भाकर जास का, पोरी?" असं म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. यात काय काय केलंस ते तोंडानं सांग. एकेक."

मी सांगू लागले. जुन्या प्रोग्राममध्ये पसारा होता, तो आवरला. आबांनी खिशातून एक शेंगदाणा काढून टेबलावर ठेवला. काही नावं बदलली. दुसरा शेंगदाणा. जुना भाग एका फाइलमधून दुसरीकडे हलवला. तिसरा. नव्या बोर्डासाठी जागा केली, नव्या बोर्डाची भाषा लिहिली, आणि जाता जाता एक जुनी चूकही दुरुस्त केली. मी सांगत गेले आणि टेबलावर मूठभर दाणे जमले.

"इतक्या गोष्टी. तितके पॅच कर," आबा म्हणाले आणि दाणे गोळा करून माझ्या हातात दिले. "खाऊन टाकू नको. एक पॅच झाला की एक खायचा."

पॅच म्हणजे बदलाचा एक तुकडा. मला रडू कोसळलं. खोटं कशाला सांगू, बाथरूममध्ये जाऊन रडले. झालेलं काम मोडायचं, आणि परत तेच काम तुकड्यातुकड्यानं जोडायचं, यापेक्षा मोठा अपमान मला तेव्हा ठाऊक नव्हता. त्यात आबांचा नियम असा की प्रत्येक तुकडा आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे. म्हणजे पहिला तुकडा घातला की डबा चालला पाहिजे. दुसरा घातला की पुन्हा चालला पाहिजे. अर्धवट अवस्थेत कुठेही काम बंद पडता कामा नये. का, असं विचारलं तर म्हणाले, "नळी कुठे चोंदली ते शेतकरी कसं शोधतो? मधोमध कापून बघतो. इथपर्यंत पाणी येतंय ना? मग चूक पुढे. उद्या तुझ्या कामात चूक निघाली तर कुठे कापून बघायचं? तू तर एकच अखंड नळी टाकून ठेवलीस."

नावं ठेवत ठेवत मी तुकडे केले. आणि आवरसावरीचा तुकडा वेगळा काढल्यावर मला दिसलं की पसारा आवरताना मी 'उघड' आणि 'बंद' यांची अदलाबदल करून ठेवली होती. एका कोपऱ्यातली एक ओळ. वीज जाऊन परत आली, की सगळे व्हॉल्व्ह आपोआप उघडले असते. आमच्याकडे शेतातली वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. त्या गठ्ठ्यात ती ओळ मला दिसली नव्हती, कोणालाच दिसली नसती. मी आबांकडे गेले आणि सांगितलं. मला वाटलं, आता व्याख्यान होणार. त्यांनी एवढंच विचारलं, "दाणा खाल्ला का?"

तेव्हापासून मी त्यांची झाले. कुरकुर चालूच राहिली, पण त्यांचीच झाले. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, 'पाचोरा' म्हणत. "ए पाचोरा, इकडे ये." पॅचच्या वर्णनात 'आणि' हा शब्द आला की त्यांचं एक बोट वर जायचं. 'नाव बदललं आणि चूक सुधारली' असं लिहिलं, तर त्या 'आणि'वर सुरी चालवून दोन पॅच करायचे. पुढे पुढे हे वेड इतकं वाढलं की मी नुसतं "आबा, मी चहा आणते आणि..." म्हटलं तरी ते बोट वर करायचे. आधी चहा येऊ दे, पुढचं मग बघू.

मात्र एका गोष्टीत ते तुकडे करू देत नसत. सगळे पॅच पाठवताना त्यांच्यावर एक कागद लावायचा. त्यात काम एका ओळीचंही नसतं, फक्त सांगायचं असतं: कुठून निघालो, कुठे पोचायचंय, हे सगळे तुकडे मिळून कशासाठी आहेत. इतर कंपन्यांत त्याला कव्हर लेटर म्हणतात. आबा 'वरचा कागद' म्हणत आणि त्यामुळे आम्हीही तेच म्हणायचो. तो नसेल तर आबा एकही तुकडा उघडत नसत. "एकेक तुकडा बरोबर दिसणार," ते म्हणायचे. "एकेकाला तू ठीक म्हणत जाशील. बठ्ठे मिळून कुठे चालले ते शेवटपर्यंत कळणार नाही. वरचा कागद पाहिजेच."

आता हे लिहिताना हात थांबतो. कारण हे वाक्य आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येणार नाही. एक वर्ष आबांनी स्कूटर काढून टाकली. "गुडघे दुखतात," म्हणाले. आम्ही म्हटलं, ठीक. त्या वयात गुडघे दुखतातच. मग अंधार पडायच्या आत निघू लागले. "पित्त होतं, लवकर जेवलेलं बरं." तेही ठीक. चहाचा ग्लास बाजूला ठेवला की त्यांचा हात लागून सांडायचा, म्हणून ग्लास समोर, अगदी कीबोर्डला चिकटून ठेवायला लागले. ऑफिसातल्या मावशींनी ते बघितलं आणि तिथेच ठेवू लागल्या. जिना उतरताना ओठ हलायचे. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. कोणी शेजारून हात पुढे केला तर तो तसाच हवेत राहायचा. पुण्याची नोकरी सोडून आमच्याकडे आलेला एक तरुण इंजिनियर होता, त्याला तो गर्व वाटला. मला म्हणाला, "तुमचे आबा हातही मिळवत नाहीत." मी त्याला झापलं. पण हात का मिळवत नाहीत, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नाही.

आणि तुकडे लहान होत चालले. पूर्वी 'दोन गोष्टी आहेत, दोन कर' म्हणणारे आबा आता एकच गोष्ट असली तरी तिचे तुकडे मागू लागले. स्क्रीनवर त्यांनी खिडकी ओढून अरुंद केलेली असायची. एका नजरेत मावेल तेवढंच पाठव, म्हणायचे. आणि त्यांच्या नजरेत मावणारं महिन्यागणिक कमी होत गेलं. पुण्याचा तरुण वैतागून म्हणाला, "आबा, एका अक्षराचा पॅच पाठवू का?"

"पाठव," आबा म्हणाले. "लवकर होईल."

सगळे हसले. आबांचा विक्षिप्तपणा वयाबरोबर वाढतोय, एवढाच त्याचा अर्थ लागला. माणूस एकदा विक्षिप्त ठरला, की त्याला काहीही झालं तरी ते त्या खात्यात जमा होतं.

मला ते अधूनमधून पॅच मोठ्यानं वाचायला सांगू लागले. "डोळा चुकीला सरावतो. कानाला आधी कळतं," असं कारण दिलं. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच बोट वर व्हायचं. मला हे आवडायचंसुद्धा. पण कामाची घाई असली की मी म्हणायचे, "आबा, आज तुम्हीच वाचा ना." ते लगेच म्हणायचे, "बरं बरं, जा तू."

मग ती चिपची भानगड आली. आमच्या डब्यातली मुख्य चिप बाजारातून गायब झाली आणि दुसरी बसवायचं ठरलं. ड्रायव्हर बराचसा नव्यानं लिहायचा होता, हंगाम तोंडावर होता, आणि रिकामे डबे गोदामात रचून पडले होते. काम पुण्याच्या तरुणाकडे. त्यानं तुकडे केले, आबांनी त्यांचे आणखी तुकडे मागितले. त्यानं ते केले, आबांना वाचायला वेळ लागत राहिला. शेवटी शेठनं सगळ्यांना मीटिंगला बोलावलं.

शेठ वाईट माणूस नाही. वडिलांच्या वेळेपासून आबांना बघत आलेला. मान खाली घालूनच म्हणाला, "आबा, तुमच्या पद्धतीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे किती दिवस चालणार? काही अडचण आहे का? असेल तर सांगा."

सरळ विचारलं होतं त्यानं. सगळ्यांसमोर विचारलं, हे चुकलं असेल, पण विचारलं. मी आबांकडे बघत होते. त्यांनी खिशात हात घातला, एक दाणा काढला आणि सालपट न उडवताच तोंडात टाकला.

"अडचण काही नाही," ते म्हणाले. "तुकडा मोठा शे."

"मग आपण असं करू," शेठ म्हणाला. "या वेळी रिव्ह्यू ही मुलं आपसात करतील. तुम्ही मार्गदर्शन करा. तुमची खुर्ची तीच, पगार तोच."

"ठीक शे," आबा म्हणाले.

आपल्या पॅचवर जो शब्द मिळवायला आम्ही वर्षानुवर्षं धडपडलो, तो त्यांनी या बदलावर इतक्या पटकन देऊन टाकला. वरचा कागद मागितला नाही.

नव्या चिपचा ड्रायव्हर अखंड गेला. आबा रोज येत होते, मार्गदर्शन कोणी मागत नव्हतं. आणि एका सोमवारी ते आलेच नाहीत. मंगळवारी मी त्यांच्या टेबलापाशी गेले तर टेबल रिकामं. खुर्चीतली उशी नव्हती, चहाचा ग्लास नव्हता, भिंतीवरचं कॅलेंडर नव्हतं, खणात शेंगदाण्याचं एक सालपटही नव्हतं. माणूस सामान घेऊन जातो तेव्हा पिशवी दिसते, निरोप होतो. यांची पिशवी कोणी बघितली नव्हती. मावशी म्हणाल्या, "ग्लास तर केव्हाच नेला त्यांनी. मला वाटलं फुटला." वॉचमन म्हणाला की उशी त्यानं एका शनिवारी त्यांच्या काखेत बघितली होती. रोज एकेक वस्तू नेत होते. राजीनामा शेठकडे टपालानं आला, एका ओळीचा.

त्या दुपारी जेवताना विषय आबांचाच. अकाउंट्सच्या बाईंनी सुरुवात केली. म्हणाल्या, "आबा गेले सहा-आठ महिने पगाराची चिठ्ठी माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. चष्मा खोलीवर राहिला म्हणायचे. दर महिन्याला कसा राहील चष्मा?" मावशींनी ग्लासाचं सांगितलं. वॉचमन दारात उभा होता, तो म्हणाला, "ते पायऱ्या मोजायचे. मी एकदा ऐकलं. मध्ये कोणी बोललं तर परत वर जाऊन पहिल्यापासून मोजत उतरायचे." पुण्याचा तरुण हळूच म्हणाला, "शेजारून हात पुढे केला तर त्यांना दिसत नव्हता." माझ्याकडे अरुंद केलेली खिडकी होती आणि मोठ्यानं वाचलेले पॅच होते. तेही मी सांगितले. प्रत्येकाचा तुकडा एकटा बघितला तर अगदी बरोबर होता. गुडघे, पित्त, चष्मा, सवय. सगळे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा जेवण तसंच राहिलं. पुण्याचा तरुण उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ परत आला नाही.

पुढच्या रविवारी मी पाचोऱ्याहून निघाले, पारोळ्याला बस बदलली आणि धुळ्याला उतरले. देवपुरात घर शोधायला वेळ लागला नाही. काकूंनी दार उघडलं. मी चपला काढत होते तोच आतून आवाज आला, "पाचोरा का?"

मी काही बोलले नव्हते. पावलांवरून ओळखलं असेल.

पुढच्या खोलीत आबा पलंगावर बसले होते. शर्ट तोच, खिसा तसाच. चेहरा माझ्याकडे वळलेला, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा बाजूला. मी प्रवासभर रचलेलं सगळं बोलणं विसरले. म्हणाले, "सांगायचं होतंत, आबा."

"सांगितलं की. सगळ्यांना सांगितलं."

"काय सांगितलंत? गुडघे? पित्त?"

"तुकडा तुकडामा सांगं. बठ्ठं सांगं नही," ते म्हणाले आणि हसले. मी हसले नाही. माझं तोंड दिसत नसतानाही त्यांना ते कळलं, कारण त्यांचं हसू तिथेच विरलं.

मग हळूहळू बोलले. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर जाते. मधली राहते. ठिबकच्या नळीतून बघावं तसं. कळलं तोवर बरीच गेलेली होती आणि गेलेली परत येत नाही. डोळ्यांत घालायचे थेंब चालू होते, पण नळी बारीक होतच राहिली आणि आता आतही धूर भरलाय.

"स्कूटर जमेना, सोडली. काम चालू राहिलं. संध्याकाळ जमेना, लवकर निघायला लागलो. काम चालू राहिलं. मोठा पॅच मावेना, लहान मागितला. तरी काम चालूच. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढा एक बदल केला की झालं." ते थांबले. "वरचा कागद लिहायला बसलो असतो ना, तर मलाच कळलं असतं, कुठे चाललंय हे."

काकू आतून ताटल्या घेऊन आल्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. माझ्यासाठी एक, त्यांच्यासाठी एक. आबांनी भाकरी हातानं चाचपून मोडली आणि तुकडे कडेनं मांडले. ओळ थोडी वाकडी झाली.

"नव्या चिपचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"एकदम टाकलं सगळं."

"चालतं?"

"चालतं. पण कधीकधी मध्येच व्हॉल्व्ह बंद होतो. का ते सापडत नाही."

"कापून बघायला जागाच ठेवली नसेल," आबा म्हणाले. "आणलंय का?"

लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. खरं तर त्यासाठी आले नव्हते मी. "वाच," ते म्हणाले. मी जेवण बाजूला सारून वाचू लागले. ते डोळे मिटून ऐकत होते, एकेक तुकडा तोंडात टाकत होते. "थांब. इथपर्यंत एक." मी तिथे खूण करायचे. "पुढे. हा दुसरा." कुठे बोट वर, कुठे मान नकारार्थी. ऑफिसात बसावेत तसे बसले होते आबा. व्हॉल्व्ह का बंद होतो ते त्या दिवशी सापडलं नाही. पण तो अखंड गठ्ठा कुठे कुठे कापायचा, ते दुपार कलेपर्यंत त्यांनी मला जवळजवळ सगळं सांगून टाकलं.

मध्येच मी वाचायची थांबले. माझ्या मनात जे आलं ते त्यांच्याही मनात आलं होतं बहुतेक. कारण या कामाला लागलं तरी काय होतं? एक माणूस आणि एक आवाज. खुर्ची तीच होती, कंपनी तीच होती, मी शेजारच्या टेबलावर होते. रोज दोन तास वाचून दाखवलं असतं. पुण्याच्या तरुणानंही दाखवलं असतं, तो तितका वाईट नाही.

"पाचोरा," आबा म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. "खरं सांग. रिव्ह्यू कर असं समज. मी शेठला सांगितलं असतं, की दिसत नाही, कोणी वाचून दाखवलं तर जमेल. तर ठेवलं असतं का त्यानं मला कामावर?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. सांगितलं नाही ते योग्यच केलं, असं वाटून शांत राहिले असते. पण मीटिंगमधला शेठचा खाली घातलेला चेहरा मला आठवत होता. आणि आबांना मी आयुष्यात कधी खोटा पॅच दिला नव्हता.

"हो आबा," मी म्हणाले. "ठेवलं असतं."

त्यांनी ताटली जवळ ओढली.

"मंग सांगाले पाहिजे व्हतं," ते म्हणाले.

त्यांचा हात ताटलीच्या कडेनं फिरत होता. शेवटचा एक तुकडा पलीकडच्या बाजूला राहिला होता, तो बोटांना सापडत नव्हता. मी ताटली थोडी फिरवली.